स्टिकर नसलेली जुनी बीएमएक्स: साल आणि पिढी कशी ओळखायची?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर आजवर तिघांनी तीन उत्तरं दिली आहेत.

आमच्या घरी माळ्यावर एक बीएमएक्स आहे, म्हणजे मातीतल्या रेसची आणि कसरतीची वीस इंची चाकांची छोटी सायकल. धाकटे काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी माझ्यासाठी आणली. आई ठामपणे सांगते, ८५ च्या दिवाळीत आली. मी तेव्हा आठ वर्षांचा. कोल्हापूरच्या अख्ख्या मंगळवार पेठेत तशी सायकल दुसरी नव्हती. पांढरी प्लॅस्टिकची चाकं, आरे नाहीत, पाच जाड हात असलेली. पोरं नुसती हात लावायला यायची.

काका गेल्या वर्षी गेले. माझी लेक आता नऊ वर्षांची आहे, तिने माळ्यावर ती चाकं बघितली आणि हट्ट धरला. म्हणून खाली काढली. रंग निळा, एशियन ऑइलपेंटसारखा जाड, त्याखाली काळा, त्याखाली अजून काहीतरी. स्टिकर एकही नाही. सीटच्या क्लॅम्पवर 'जीटी' अशी इंग्रजी अक्षरं आहेत.

पेठेतले सायकलवाले मामा म्हणाले, ही इथलीच, लुधियानाची. पुण्याच्या एका गृहस्थांनी फोटो मागवले आणि ८५ चं असेल तर चांगले पैसे देतो म्हणाले. मला विकायची नाही, पण त्यांनीच पुढे विचारलं, "मागच्या ब्रेकला खुंट्या आहेत का?" मी हो म्हटल्यावर त्यांचा फोन आला नाही. मोठा भाऊ म्हणतो, म्हणजे नकली आहे.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, ही नेमकी कधीची. दुसरी, हिला कुठले पार्ट बसतील, कारण मामांनी नवीन हँडलचा दांडा बसवायचा प्रयत्न केला तो चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कात, जातच नाही. ते म्हणाले लेथवर भोक मोठं करून आणतो. मी थांबवलंय.

आणि खरं सांगायचं तर तिसरी गोष्टही आहे. आई ८५ म्हणते. ती चुकत असेल तर चुकू दे, पण मला कळायला हवं.

---

नादखुळा_१०

भावा नाद खुळा! 🙏 हीच सायकल आम्ही गांधी मैदानात बघितलीय बहुतेक, तुझीच असणार. मैदानाच्या कडेला मातीचा ढीग असायचा त्यावरनं उडवायचास बघ तू. मी तेव्हा पाचवीत.

माझ्या मते मामा बरोबर आहेत. ऐंशीच्या दशकात इथल्या कंपन्यांनीबी तशा गाड्या काढलेल्या. आतेभावाकडं होती एक.

---

चिमटा_आणि_छर्रे

मंगळवारपेठकर, सगळ्यात आधी: चिमट्याचं भोक मोठं करू नका. थांबवलंत ते फार चांगलं केलंत. अमेरिकी पद्धतीच्या जुन्या बीएमएक्सच्या चिमट्यात आतून २१.१ मिमीचा दांडा जातो. आपल्याकडे नेहमी मिळतो तो २२.२ चा. एक मिलिमीटरचा फरक आहे म्हणून माणसाला वाटतं थोडं घासलं की जाईल. पण चिमट्याची नळी आधीच पातळ, त्यात आटे बाहेरून पाडलेले. आतून घासली की नेमकी आट्यांच्या जागी भिंत उरत नाही, आणि तुटली तर लेकीच्या हातात हँडल येईल. २१.१ चाच दांडा शोधा, मिळतो.

नादखुळा, राग मानू नका, पण ही लुधियानाची नव्हे. पायडलचा दांडा बघायला सांगा त्यांना. आपल्या सायकलींना तेव्हा कॉटर पिन असायची, क्रँक तीन तुकड्यांत. मंगळवारपेठकर, तुमच्या सायकलीला पिन आहे का, की एकच सळई वाकवून डावा-उजवा दोन्ही पाय केलेत? आणि ज्यात ती फिरते ती नळी केवढी आहे? अमेरिकी असेल तर तिचं तोंड पाच सेंटिमीटरहून मोठं असतं, आत आटे नसतात, वाट्या ठोकून बसवलेल्या. हे एक बघितलं की निम्मा वाद मिटतो.

माझी ओळख इतकीच की मी पंधरा वर्षं कुवेतला फिटर होतो. तिथे शाळकरी पोरं मोठी झाली की बीएमएक्स कचऱ्यात पडायच्या. मी त्या गोळा करायचो, खोलायचो, जुळवायचो. आता उद्यमनगरात भावाच्या लेथवर बसतो. घरी सहा फ्रेमा आहेत, त्यांपैकी चारांवर स्टिकर नाहीत, म्हणून स्टिकरशिवाय वाचायला शिकलो.

आता पिढीचं. लोक आधी चाकं बघतात, आणि तिथेच फसतात. तुमची पाच हातांची पांढरी चाकं म्हणजे बहुधा स्कायवे टफ व्हील, कॅलिफोर्नियातल्या रेडिंग गावची. काच मिसळलेल्या नायलॉनची. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून येतात आणि पुढे कित्येक वर्षं येतच राहिली. चाकांवरून साल लावणं म्हणजे बांगड्यांवरून वय सांगणं. चाक, सीट, हँडल, पायडल हे सगळं बदलता येतं. जे वेल्डिंगने फ्रेमला जोडलंय तेच बदलत नाही. तेच वाचायचं.

मी फ्रेम हातात घेतली की या क्रमाने बघतो.

मागचा ब्रेक कुठे धरलाय? अगदी सुरुवातीच्या बीएमएक्सना मागे पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असायचा, फ्रेमवर ब्रेकची सोयच नसे. मग ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात कॅलिपर सर्रास दिसायचा: मागच्या दोन काड्यांमध्ये एक आडवी पट्टी, तिला मधोमध भोक, त्यात एक बोल्ट, त्यावर दोन हात लटकलेले. तुमच्या पुण्याच्या गृहस्थांनी विचारलेल्या खुंट्या त्यानंतरच्या. दोन काड्यांवर वेल्ड केलेल्या दोन जाड खुंट्या, प्रत्येकीवर ब्रेकचा एक हात. डाया-कॉम्पेचा ९९० हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. ही सोय ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कसरतीच्या, म्हणजे फ्रीस्टाइल सायकलींवर आली. म्हणून ८५ चं गिऱ्हाईक खुंट्या ऐकून गप्प झालं. त्यात नकलीचा काही संबंध नाही, उलट नकली करणारा माणूस एवढा खर्च करत नाही.

हँडलखालच्या नळीवर दोन छोटे कान आहेत का, आटे पाडलेले? ते गायरोचे. हँडल गोल फिरवलं तरी ब्रेकची तार गुंडाळू नये म्हणून ते यंत्र ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आलं. आधी नुसता क्लॅम्प करून बसवत, मग फ्रेम बनवणाऱ्यांनी कानच वेल्ड करून द्यायला सुरुवात केली.

मागच्या चाकाची खाच किती रुंद? हे व्हर्नियरने मोजा, डोळ्याने नको. जुनी खाच ३/८ इंची आखासाठी, म्हणजे साडेनऊ मिमी. कसरतवाले आखावर पाय ठेवून उभे राहायला लागले, आख वाकायला लागले, मग १४ मिमीचे आले.

चिमटा वर आटे आणि नटाने कसलाय ना? तसा असेल तर नव्वदीच्या मध्याच्या आधीची पिढी धरून चला. पुढे बिनआट्याचे चिमटे आले, ज्यात हँडलचा दांडा बाहेरून आवळतात.

आणि नंबर. सायकल उलटी करा, पायडलच्या नळीखाली रंगात दडलेला असतो. ती जीटी या अमेरिकी कंपनीची असेल तर त्या काळच्या जीटीच्या नंबरात पहिले दोन आकडे महिना आणि पुढचे दोन साल असतात. क्लॅम्पवरच्या 'जीटी'वर मात्र विसंबू नका, क्लॅम्प कुणीही कुठेही लावतो.

रंग पॉलिश पेपरने घासू नका, नंबरही जाईल. पेंट रिमूव्हर लावा, दहा मिनिटं थांबा, लाकडी पट्टीने ओढा. चाकं आधी काढून लांब ठेवा, रिमूव्हरचा थेंब नायलॉनवर पडता कामा नये.

जीटीबद्दल एक सांगतो, उद्यमनगरात बसून हे सांगायला मला आवडतं. गॅरी टर्नर म्हणून गृहस्थ, ड्रॅग रेसच्या गाड्यांच्या चासी वेल्ड करणारे. पोरगा सायकल रेस खेळायचा, विकतच्या फ्रेमा टिकेनात, म्हणून बापाने क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची फ्रेम स्वतः जोडून दिली. बाकीची पोरं मागायला लागली. १९७९ ला रिचर्ड लाँग यांच्याबरोबर कंपनी झाली. गॅरी टर्नर या नावाची दोन अक्षरं म्हणजे जीटी. तेव्हा वेल्ड नीट बघा. एकसारख्या बारीक खवल्यांची ओळ दिसायला हवी.

मोजा आणि कळवा. पुढच्या ब्रेकचाही फोटो टाका.

---

मंगळवारपेठकर

दादा, दोन संध्याकाळी लागल्या. सगळं क्रमाने केलं.

क्रँक अखंड, एकच सळई. नळीचं तोंड ५१ मिमीच्या वर. आत आटे नाहीत. मामांना नेऊन दाखवलं, त्यांनी स्वतः हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "मग आपली न्हवं ही."

खुंट्या आहेत, वेल्ड केलेल्या. गायरोचे कानही आहेत, एकात जुना बोल्ट अडकलेला. रिमूव्हरने निळा निघाला, काळा निघाला, आणि खाली क्रोम! काही ठिकाणी तांबेरा आहे, पण बाकी आरशासारखं. लेक त्यात तोंड बघत बसली.

नंबर सापडला. पहिले चार आकडे ०३८९.

पुढचा ब्रेक शिमानोचा आहे, कॅलिपर. हात सोडवून मागच्या बाजूला बघितलं तर दोन इंग्रजी अक्षरं: आय, एफ. याचा काही अर्थ असतो का?

आता एक विचित्र गोष्ट. मागच्या चाकाची खाच १४ मिमी. पण चाकाचा आख साडेनऊ. मधली जागा भरायला दोन्ही बाजूंना पितळी बुश आहेत, एका बाजूला कॉलर ठेवलेली, अगदी साफ काम. भिंत सव्वादोन मिमी भरते. असे बुश कंपनीचे येतात का?

आणि ०३८९ म्हणजे मार्च ८९ असेल तर ८५ ची दिवाळी कुठे गेली? आईला अजून सांगितलं नाही.

---

चिमटा_आणि_छर्रे

सांगू नका अजून. आई बरोबर असतील.

शिमानोची दोन अक्षरं म्हणजे तारीखच. पहिलं साल: ए म्हणजे १९७६, बी ७७, असं पुढे. आय नववं अक्षर, म्हणजे १९८४. दुसरं महिना: एफ म्हणजे जून. तुमचा पुढचा ब्रेक जून ८४ ला बनलाय. ८५ च्या दिवाळीत घरात आलेल्या सायकलीवर तो अगदी चपखल बसतो. ८९ च्या फ्रेमवर पाच वर्षं जुना ब्रेक कंपनी लावत नाही.

बुश कंपनीचे नाहीत. तुमचा फोटो मोठा करून बघितला. कॉलरच्या कडेला टूलच्या रेघा आहेत आणि आतली कड हाताने मारलेली आहे. हे लेथवर एका चाकासाठी, मोजून काढलेलं काम आहे, आणि मी पैजेवर सांगतो आपल्याच उद्यमनगरातलं. तीस-पस्तीस वर्षं पितळ त्या खाचेत बसलंय आणि सैल झालेलं नाही.

म्हणजे तुमच्याकडे दोन सायकली आहेत, एकात एक. चाकं आणि पुढचा ब्रेक जुन्या पिढीचे, फ्रेम नव्या पिढीची. जुनं चाक नव्या खाचेत बसेना म्हणून कुणीतरी बुश काढून घेतले. चाक टाकून नवं घ्यायचं सोडून कुणी एवढा खटाटोप का केला, ते घरच्यांनाच माहीत.

८९ च्या आधीचा एखादा फोटो आहे का? त्यात मागच्या काड्या दिसल्या तर बघा.

---

नादखुळा_१०

दादा मानलं तुम्हाला. आधी बोललो ते मागं घेतो. आणि भावा, एक आठवतंय, विचारू का? त्या मातीच्या ढिगावर तू एकदा लय वाईट पडला होतास. उन्हाळ्याची सुट्टी होती. आम्ही तुला उचलून तुमच्या गल्लीपर्यंत आणलं आणि एकानं सायकल खांद्यावर घेतली होती, कारण ती ढकलता येत न्हवती. पुढचं चाक खाली लोंबत होतं.

---

मंगळवारपेठकर

उत्तर द्यायला चार दिवस लागले.

फोटो आहे. रंकाळ्यावर, मागे संध्यामठ. मागच्या बाजूला बाबांच्या अक्षरात मे १९८६. मी सायकलवर, काका शेजारी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून. मी हा फोटो शंभर वेळा बघितला असेल, पण माणसं बघितली, सायकल कधी बघितली नाही. भिंगाने बघितलं. फ्रेम लाल. हँडलखालच्या नळीला त्रिकोणी पट्टी, आताच्या फ्रेमवर ती नाही. मागे आडव्या पट्टीला कॅलिपर. खुंट्या नाहीत. चाकं पांढरी, पाच हातांची. तीच.

नादखुळा, तू सांगितलंस ते खरं आहे. ८९ ची मे महिन्याची सुट्टी. हनुवटीला पाच टाके, अजून दिसतात. सायकलची मान तुटली होती. मी टाक्यांसाठी रडलो नाही एवढा सायकलीसाठी रडलो, हे आई अजून सांगते. काका तेव्हा रजेवर होते. ते म्हणाले, "उद्यमनगरला देतो वेल्डिंगला, तुझीच करून देतो." आणि काही दिवसांनी बोटीवर गेले. परत आले ते नव्वदच्या जानेवारीत, त्यांच्या सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीवर, शिक्का आहे. ट्रंकेत त्या सफरीतलं बाबांना पाठवलेलं एक पोस्टकार्ड मिळालं, नोव्हेंबर ८९, लाँग बीच, कॅलिफोर्निया. त्यात हवापाणी, बोटीवरचं जेवण, आणि शेवटची ओळ: "पोराचं काम झालं, त्याला बोलू नये."

सायकल मला फेब्रुवारीत मिळाली. काळ्या रंगात. मी विचारलं, लाल का नाही? ते म्हणाले, वेल्डिंगवाल्याकडे काळाच होता. मी मानलं. क्रोमवर काळा रंग मारून दिला होता त्यांनी, म्हणजे मला नवी वाटू नये. (निळा मी नंतर कॉलेजात मारला, तो माझा.)

काल आईला सगळं दाखवलं. नंबर, फोटो, बुश. तिने बुश हातात घेतला, बघितला आणि म्हणाली, "मला माहीत होतं. दोन दिवस तो त्या चाकाला घेऊन उद्यमनगरात बसला होता. म्हणाला, चाकं बदलली तर पोरगं लगेच ओळखेल."

---

चिमटा_आणि_छर्रे

वाचलं. दोनदा वाचलं.

आता कामाचं. ही सायकल '८९ ची जीटी' करायच्या नादाला लागू नका. तुम्हाला लोक सांगतील, त्या सालचे आरे असलेले रिम घाला, मागे-पुढे जुळणारे ब्रेक घाला. घालू नका. क्रोमवरचा तांबेरा ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, निघतो. वाळूचा मारा अजिबात नको, क्रोम जाईल. चिमटा आणि मान एकदा माझ्याकडे आणून दाखवा, तडा आहे का बघून देतो. पोर बसणार आहे, ते बघितल्याशिवाय नको. छर्रे सगळे नवीन घाला, वाट्या जुन्याच ठेवा, खड्डे नसतील तर.

टायर घेताना बाजूवर ४७-४०६ हा आकडा बघा, २० × १.७५ असं दुकानात म्हणतात. नुसतं 'वीस इंची' म्हणून घेतलात तर बारीक टायर गळ्यात मारतील, त्याची रिम वेगळी, ते बसणार नाही. २१.१ चा दांडा माझ्याकडे एक पडून आहे, कुवेतचा. तो घेऊन जा.

आणि ते पितळी बुश पॉलिश करू नका.

---

मंगळवारपेठकर

दादा, रविवारी येऊन गेलो त्याबद्दल मनापासून आभार. मान ठीक निघाली, दांडा तुम्ही ठोकून न बसवता नुसता हाताने सरकवलात ते बघून लेकीने टाळ्या वाजवल्या.

टायर लक्ष्मीपुरीत मिळाले, ४७-४०६. पुढचा ब्रेक जून ८४ चाच ठेवलाय, फक्त रबर नवीन. मागे खुंट्यांवरचा ब्रेक खोलून साफ केला, चांगला लागतो. बुशना हात लावला नाही. मागचं चाक काढलं तेव्हा डावा-उजवा बदलू नये म्हणून एकाला दोरा बांधून ठेवला होता, तेवढंच.

सीट सगळ्यात खाली केली तरी लेकीचे पाय जेमतेम टेकतात. संध्याकाळी रंकाळ्यावर नेली. आई सोबत होती, तिने फोटो काढायला लावला. या वेळी मागच्या काड्या दिसतील असा काढलाय, इथे टाकतो.